‘ता’ आणि त्यापुढचं सगळं

शाम राठोड जन्मला तेव्हा लगेच रडला नाही, असं त्याची आई सुखीबाई सांगते. त्यानं आधी चहूकडे नजर फिरवली, इथं रडलेलं चालतं का याचा अंदाज घेतला, आणि दाईनं पाठीवर थाप मारून रीतसर परवानगी दिल्यावरच तोंड उघडलं. आता चौतिशी आली तरी कारभार तोच आहे. यवतमाळच्या स्टँडवर घाटंजीची गाडी लागली की तो पाटी वाचतो, मग कंडक्टरला विचारतो, मग शेजारच्या प्रवाशाला विचारतो, आणि गाडी सुटल्यावर रस्ता ओळखीचा दिसतो ना हे खिडकीतून बघत बसतो. त्याची बायको ममता आल्यागेल्याला सांगते, “लगनात हार घालाच्या टायमाले यानं मले इचारलं, ‘घालू ना?’ मी म्हटलं, नाईतं इथवर कायले आला मंग?”

असा हा माणूस पोटासाठी प्रोग्राम लिहितो. यवतमाळातल्या एका कॉलेजात पाण्यावरच्या संशोधनाचा प्रकल्प आहे. जिल्ह्यातल्या हापशांचं, विहिरींचं आणि नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, त्यात फ्लोराइड किती ते प्रयोगशाळेनं मोजायचं, आणि आलेले आकडे नकाशावर रंगवायचे. पिण्याजोगं ते हिरवं, न पिण्याजोगं ते लाल. फ्लोराइडचं पाणी मोठं लबाड. दिसायला नितळ, चवीला चांगलं, आणि पोटात मुरत गेलं की दातांवर तपकिरी पट्टे काढतं, पुढं हाडं आखडून टाकतं. जीभ त्याला पकडू शकत नाही. पकडायचं काम प्रयोगशाळेचं, आणि लोकांना दाखवायचं काम शामच्या प्रोग्रामचं.

प्रोग्राम लिहिताना शामची भीती ओसंडून वाहायची. केलेलं काम कुठं जाईल या धास्तीनं त्याच्या संगणकावर एकाच प्रोग्रामच्या इतक्या प्रती साठल्या होत्या की जत्रेत हरवलेल्या भावंडांची आठवण यावी. ‘नकाशा अंतिम’, ‘नकाशा अंतिम खरा’, ‘नकाशा अंतिम मॅडमनी पाहिलेला’, ‘हात लावू नये’, आणि ‘हात लावू नये’ला एकदा हात लावल्यामुळे ‘हात लावू नये दोन’. एक पेनड्राइव्ह घरी सेवालाल महाराजांच्या तसबिरीमागं. त्यातला कोणता अंतिम खरोखर अंतिम, हे महाराजांनाच ठाऊक असावं.

हा संसार मोडला तो रुबीना मॅडमनी. डॉक्टर रुबीना शेख प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांचे वडील मोहिउद्दीन मिस्त्री यांचं गॅरेज यवतमाळात होतं, आणि मॅडमना रसायनशास्त्र कॉलेजात शिकवलं असलं तरी अक्कल गॅरेजात मिळाली होती. यंदा पावसाळा सरता सरता त्या पुण्याहून प्रोग्राम नीट लिहिण्याचं एक शिबिर करून आल्या आणि आल्या आल्या सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं.

“अब्बा दुरुस्त केलेली गाडी गिऱ्हाइकाले द्याच्या आधी सोता एक चक्कर मारून येत,” मॅडम म्हणाल्या. “शामभाऊ, तुमचा प्रोग्राम कोणं चालवून पाह्यला?”

“चालते ना मॅडम तो.”

“चालते म्हंजे धावते. पोहचते कुठं?”

हा प्रश्न शामनं आजवर फक्त घाटंजीच्या बसला विचारला होता.

त्या दिवसापासून नवे नियम लागू झाले. प्रोग्रामची प्रत एकच. तिच्यात जो बदल होईल तो संगणक तारीखवार लक्षात ठेवील, आणि नको असला तर मागं फिरता येईल. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. बदल साठवताना संगणक एक रिकामी चौकट दाखवायचा, तिच्यात बदल कशासाठी केला ते एका ओळीत लिहायचं. मॅडमनी त्या चौकटीचं नाव ‘काहून’ ठेवलं. “काहून लिहिल्याबिगर सेव्ह करायचं नाही,” अशी ताकीद मिळाली. आणि शेवटचा नियम चाचणीचा: ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे असं एक ठिकाण घ्यायचं, प्रयोगशाळेच्या कागदावरून त्याचा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचून लिहून ठेवायचा, आणि प्रोग्राम तेच उत्तर देतो का ते बघायचं.

चाचणी हा शब्द ऐकून शामला दहावीचा गणिताचा पेपर आठवला. बाकीच्यांनी दुपारपर्यंत आपापल्या चाचण्या उरकल्या. शाम गाव निवडत बसला. वणी घ्यावं तर वणीचे लोक काय म्हणतील? शेवटी त्यानं आपल्याच घरचं ठिकाण घेतलं. घाटंजी तालुक्यातलं बोरसावंगी, त्याच्या बाजूला नाल्यापलीकडं बंजाऱ्यांची वस्ती, बोरसावंगी तांडा. तिथं त्याची आई राहते, भाऊ राहतो. तांड्याची हापशी नकाशात हिरवी होती हे त्याला पाठ होतं. होळीला घरी गेला तेव्हा त्यानंच ते सांगितलं होतं.

त्यानं प्रयोगशाळेचा कागद उघडला. आजवर हा कागद त्यानं नुसता प्रोग्रामच्या तोंडात घातला होता, वाचला कधीच नव्हता. बोट फिरवत फिरवत तो तांड्याच्या ओळीवर आला.

तीन पूर्णांक चार.

लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की लाल. हे दुपटीच्याही वर होतं.

त्यानं चष्मा पुसला. आकडा जागचा हलला नाही. त्यानं तो चाचणीत लिहिला आणि प्रोग्राम चालवला. पडद्यावर लाल ओळ आली: अपेक्षित तीन पूर्णांक चार, मिळाले शून्य पूर्णांक सात.

घाबरलेल्या माणसानं जे जे करावं ते ते शामनं क्रमवार केलं. संगणक बंद करून चालू केला. उंदीर हलवून पाहिला, म्हणजे संगणकाचा. खुर्चीवरून उठून पाणी प्यायला, आणि पिता पिता ग्लासाकडं असा बघत राहिला की जणू त्यात काही पोहतंय. परत येऊन पुन्हा चालवला. तेच.

मग त्याच्या डोक्यात एक फार सोयीचा विचार आला. प्रोग्राम दीड वर्षाचा. नकाशा गावोगाव गेलेला. चाचणी अर्ध्या तासाची. मग दोघांत खोटं कोण? त्यानं चाचणीतला तीन पूर्णांक चार खोडला, तिथं शून्य पूर्णांक सात लिहिलं, आणि प्रोग्राम चालवला. पडद्यावर हिरवी खूण आली. कॉपी करून पास होणारा पोरगा गुणपत्रिकेकडं बघतो तसा शाम तिच्याकडं बघत बसला.

आता साठवायचं. ‘काहून’ची चौकट उघडली आणि आतला दांडा लुकलुकायला लागला.

शामनं लिहिलं, ‘चाचणीतील चूक दुरुस्त केली.’ वाचलं. खोडलं. ‘आकडा बदलला.’ खोडलं. ‘किरकोळ सुधारणा.’ हेही खोडलं. खोटं बोलणं वेगळं, लोक बोलतात, हवेत विरून जातं. पण खोटं लिहायचं, त्याखाली आपलं नाव आणि तारीख, आणि ते कधीच पुसलं जाणार नाही? एवढी छाती त्याच्याजवळ नव्हती. धाडसी माणूस असता तर ‘किरकोळ सुधारणा’ टाकून चहाला गेला असता. शाम भित्रा असल्यामुळे तिथंच अडकला.

त्यानं बाहेर व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला. मायलेकरं फोनवर तांड्याच्या गोरबोलीत सुरू करायची आणि वऱ्हाडीत उतरायची.

“याडी, काय करून राह्यली?”

“हापशीवर हाओ. तुयावाल्या हापशीवर!” पलीकडं हापशीची कुरकूर आणि बायांचा गलका ऐकू येत होता.

“मायी कायची हापशी?”

“तूच तं होळीले सांगतलं ना, नकाशात हिरवी हाय म्हणून. आता सारा तांडा हिच्यावरच हाय. पयले धुण्याले घ्यायचो, ढोराईले पाजायचो, पेवाले गावातल्या नळावर जायचो. आता कोण जाते तितं तंगड्या तोडत? नाईकाच्या घरीबी हेच पाणी. मीनं साऱ्याइले सांगतलं, माया शाम्यानं कम्प्युटरातून पाह्यलं.”

“अन् जमना?” जमना म्हणजे भावाची पोरगी, सात वर्षांची. दुधाचे दात पडून नवे फुटायच्या वयातली. दात घडत असताना हे पाणी सगळ्यात जास्त बाधतं, हे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, आणि ते पान शामनंच टाइप केलं होतं.

“तिले तं मी सोता पाजतो. शाळेत बाटलीबी हेच भरून देतो. तू काहून इचारून राह्यला?”

शाम म्हणाला, “काई नाई.” आणि फोन ठेवला. तांड्यातले म्हातारे त्या हापशीला पूर्वीपासून ‘दातखाऊ’ म्हणत. त्या नावावर शाम होळीच्या दिवशी खदाखदा हसला होता.

तो आत आला आणि प्रोग्राम वरपासून वाचायला लागला. आपलंच लिहिलेलं, पण कधी उलटून न पाहिलेलं. मधेच एक ओळ भेटली आणि तो थांबला. बाटल्यांवर गावांची नावं जो तो आपल्या मर्जीनं लिहायचा: ‘बोरसावंगी, ता. घाटंजी’, ‘बोरसावंगी ता घाटंजी’, ‘बोरसावंगी तालुका घाटंजी’. ही सगळी एकसारखी व्हावीत म्हणून शामनं एक नामी युक्ती काढली होती. नावात मोकळी जागा आणि तिच्यापुढं ‘ता’ दिसला की तिथून पुढचं सगळं कापून टाकायचं. मोकळी जागा मुद्दाम, कारण ज्या गावाचं नावच ‘ता’नं सुरू होतं ते गाव अख्खं उडेल ही भीती त्याला तेव्हाही वाटली होती. या मोकळ्या जागेचा त्याला दीड वर्ष अभिमान होता.

‘बोरसावंगी तांडा, ता. घाटंजी.’

पहिला ‘ता’ तालुक्याचा नव्हता. तांड्याचा होता. त्या युक्तीच्या सुरीनं दोन्ही एकदमच उडवले होते. उरलं नुसतं बोरसावंगी. मग एकाच नावाच्या दोन ओळी झाल्या, आणि नंतर आलेल्या गावाच्या ओळीनं तांड्याची ओळ चुपचाप पुसून टाकली. प्रोग्राम हूं की चूं न करता पुढं गेला. नकाशावर दोघांना मिळून एकच ठिपका उरला, आणि तांड्याच्या जागेवरही गावच्या नळाचं पाणी हिरवंगार रंगलं.

शामला आठवलं, होस्टेलात कुणी ‘कुठला रे तू?’ विचारलं की तोही नुसतं ‘बोरसावंगी’ म्हणायचा. पुढचं तोंडातच ठेवायचा. म्हणजे सुरी जुनीच होती. त्यानं फक्त ती संगणकाला दिली होती.

आणि जिल्ह्यात तांडा काय एकच आहे?

मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं, तरी शाम बाहेर उभा राहून कडी वाजवत राहिला. “या की,” मॅडम म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा पाहून उठूनच उभ्या राहिल्या. “कोण गेलं?”

“तांडे गेले मॅडम.”

“कुठं?”

शामनं सांगितलं. सांगताना ‘चूक’ हा शब्द इतक्या वेळा आला की मॅडमनी हात वर केला. मग त्या त्याच्या खुर्चीत बसल्या, ती ओळ वाचली, परत वाचली, आणि म्हणाल्या, “या अल्ला.” एवढंच. शामनं त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, पण घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आपण चुकलो तर वरचं माणूस ओरडेल याची त्याची तयारी होती. वरचं माणूस पांढरं पडेल याची नव्हती.

“आत किती ओळी गेल्या अन् बाहेर किती आल्या, हे मोजलं होतं का कोणं?” मॅडमनी विचारलं.

“नाई मॅडम.”

“मीबी नाई मोजलं. नकाशावर सही मायी हाय.” त्यांनी दोन्ही आकडे काढले. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळींत फरक होता तो एकदोनाचा नव्हता, हरवलेली नावं वाचायला पडदा खाली सरकवावा लागला. पुसद, दिग्रस, आर्णी, घाटंजी, जिथं जिथं गाव आणि तांडा एका नावाचे तिथं तिथं कुठं गावानं तांडा गिळला होता, कुठं तांड्यानं गाव. काही हिरव्याचे लाल होणार होते.

“शामभाऊ, ते ओळ आताच दुरुस्त करू नका.”

“काहून?”

“भेलेल्या माणसानं एक दुरुस्त केलं तं दोन मोडते. अन् भेलो तं आपण दोघंबी हाओ. आंधी नकाशा उतरवा. मंग फोन. दुरुस्ती उद्या, दोघं मिळून.”

नकाशा संकेतस्थळावरून उतरला. मॅडमनी टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कामाला लावलं. यादी काढा, सरपंच, आशाताई, अंगणवाडी, जो सापडेल त्याला फोन करा, लाल ठिकाणं आधी. शामनंही फोन घेतला. बोरसावंगी तांड्याच्या ओळीवर त्याचं बोट आलं आणि तो थांबला.

“याडीले फोनवर सांगतलं तं तिले पटणार नाई मॅडम. ते म्हणन, हिरवं हाय म्हणून तूच सांगतलं.”

मॅडमनी गाडीची किल्ली उचलली.

मॅडमची मारुती अब्बांच्या हातची होती आणि मॅडम ती अब्बांच्याच ऐटीत चालवत. एरवी शाम त्या गाडीत दोन्ही हातांनी सीट धरून, डोळे अर्धे मिटून बसायचा. आज जंगलाच्या वळणांवर तो म्हणाला, “थोडी जोरात घ्या ना.” मॅडमनी त्याच्याकडं असं पाहिलं की शेजारी भलताच माणूस येऊन बसलाय.

ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. हापशीवर घागरींची रांग होती. तांड्याचे नाईक भीमराज बाजेवर बसून कुणाच्या तरी बकरीचा न्याय करत होते. शाम मॅडमना घेऊन आला म्हटल्यावर बकरी बाजूला राहिली, बाया गोळा झाल्या, पोरं धावली. शामनं वाटेत सगळं भाषण पाठ केलं होतं: आधी नाईकांना बाजूला घ्यायचं, मग हळू समजावायचं, मग मॅडम शास्त्र सांगतील. पण सुखीबाईला भाषणाचं काय. पाहुणी दारात आली म्हटल्यावर तिनं चकचकीत घासलेला लोटा भरला आणि सगळ्यांसमोर मॅडमच्या हातात दिला.

“घ्या बाई. माया पोराच्या हापशीचं पाणी.”

मॅडमनी लोटा घेतला. शामकडं पाहिलं.

लोटा परत करणं म्हणजे त्या घराचं पाणी नाकारणं. शेखांच्या बाईनं राठोडांच्या दारात पाणी नाकारलं, हे तांडा पुढच्या होळीपर्यंत चघळणार. आणि मॅडम प्यायल्या, एका लोट्यानं त्यांना काही होणार नव्हतं, पण मग खुद्द डॉक्टरीणबाई प्यायल्या म्हणून तांडा पुढची दहा वर्षं हेच पाणी पिणार. मॅडमनी लोटा ओठांजवळ नेला. त्या वेळ काढत होत्या की भीडेनं पिणार होत्या, शामला कळेना. घागरींची रांग, नाईक, याडी, सगळे बघत होते.

“मॅडम, पेऊ नका!”

आवाज एवढा मोठा निघाला की बकरी उधळली. शामला वाटलं, मागून कोणी ओरडलं.

सुखीबाईचा चेहरा उतरला. “काहून? काय झालं पाण्याले?”

“खराब हाय याडी. आंधीपासून खराब हाय. नकाशा चुकला.”

“नकाशा चुकला का तू चुकला?”

“मी.”

हापशीचा दांडा थांबला. मग एक बाई पुढं आली, कडेवर तान्हं. “होळीपासून पाजून राह्यलो आमी लेकराईले. त्याचं काय?”

मॅडम म्हणाल्या, “मोठ्या माणसाच्या हाडाले इतक्यानं काई होत नाई, बाई. लहान लेकराईच्या दाताचं मी आज खोटं सांगणार नाई. मले ठाऊक नाई. डॉक्टर घेऊन येतो, एकेकाचं तोंड पाहू. पण आजपासून हे बंद.” जमना आजीच्या लुगड्याआड तोंड मिटून उभी होती. शामनं तिच्याकडं पाहायचं टाळलं.

नाईक बाजेवरून उठले. “होळीले हिरवी म्हणे, आज लाल म्हणे. उद्या आखीन कोणता रंग आणशीन? तुयावर भरोसा कसा ठेवावं?”

“ठेवू नका, नाईक.”

“आँ?”

“मायावर ठेवू नका, मॅडमवर बी नाई. उद्या तुमच्यासमोर दोन बाटल्या भरू. एक आमच्याकडं, एक दुसऱ्या प्रयोगशाळेत. दोन्हीचे आकडे तुमी सोता वाचा. जुळले तंच माना. अन् पुढं मी काई बी सांगतलं तं पयले इचारा, काहून म्हणून.”

नाईकांनी मिशीवरून बोट फिरवलं. “म्हंजे तुयासारखं भेत भेत जगायचं म्हणतो तू.”

“हो.”

“थे आतापासूनच सुरू झालं,” नाईक म्हणाले, आणि त्यांनी हापशीच्या दांड्याचा नटबोल्ट काढायला पाना मागवला.

बाया एकेक करून घागरी उलट्या करू लागल्या. पाणी नाल्याकडं धावत गेलं, नितळ, स्वच्छ, बघून तहान लागावी असं. सुखीबाईनं मॅडमच्या हातातला लोटा घेतला, तोही ओतला. मग दोन घागरी उचलल्या, एक स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि दुसरी शामकडं ढकलली.

“चाल. गावातल्या नळावर. अंधार पडाच्या आंधी.”

शामनं घागर डोक्यावर घेतली. तांड्यात बाप्या माणसानं डोक्यावर घागर घेतली की बायांना तीन दिवस पुरेल एवढं हसू मिळतं. शाम मान ताठ धरून, नाल्यातल्या दगडांवर पाय चाचपत बायांच्या रांगेतून चालत राहिला आणि ते हसू कधी फुटतं याची वाट बघत राहिला. नाला संपला, गावचा रस्ता आला, नळ आला. कोणीच हसलं नाही. दिवसभरात शाम सगळ्यात जास्त भ्याला तो तेव्हा.